पूज्य, सुन्न आणि सायफर

मराठीत 'पूज्य' म्हणजे दोन गोष्टी. एक, ज्याच्या पाया पडावं असा माणूस. आणि दुसरी, शून्य. म्हणजे पत्राच्या मायन्यात 'पूज्य गुरुजी' लिहायचं आणि त्याच गुरुजींनी गणिताच्या पेपरावर पूज्य द्यायचं, असं सगळं शालेय आयुष्य एकाच शब्दात बसतं. आताच्या मुलांना हा दुसरा अर्थ फारसा माहीत नसतो, पण 'अभ्यासाच्या नावाने पूज्य' हे अजून कानावर येतं आणि ऐकणाऱ्याला त्यात पूजेचा काही संबंध नाही हे बरोबर कळतं. बरं, हे फक्त मराठीचं खूळ नाही. मल्याळममध्ये शून्याला आजही रोजच्या बोलण्यात 'पूज्यम्' म्हणतात, तमिळमध्येही हाच शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने आहे.

मला विचाराल तर हा 'दिवा वाढवणे'च्या घराण्यातला प्रकार आहे. आपण दिवा विझवत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाही, वाढवतो. संपलं, रिकामं, नाही, असलं काही तोंडातून काढायचं नाही म्हणून सरळ उलटा शब्द वापरायचा, तसंच 'काही नाही' म्हणण्यापेक्षा 'पूज्य' म्हणून टाकलं की झालं. हा माझा अंदाज, पण याला थोडा आधार वाटावा अशी एक गोष्ट जुन्या संस्कृत गणितात सापडते. तिथे आकडे श्लोकात बसवायचे असायचे, आणि छंदात आकडा काही नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक अंकासाठी वस्तूंची नावं ठरवलेली होती, भूतसंख्या म्हणतात त्याला. दोनसाठी नेत्र किंवा कर, चारसाठी वेद, सातसाठी पर्वत. आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे, 'अंकानां वामतो गतिः'. म्हणजे 'वेद-गगन-नेत्र' असं लिहिलं तर ते २०४. यात शून्यासाठी नावांची रेलचेल आहे: ख, गगन, अंबर, आकाश, व्योम, बिंदू, आणि या यादीत चक्क 'पूर्ण' पण आहे! रिकाम्या जागेला पूर्ण म्हणायचं. 'पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं' हे शांतिमंत्रातलं वाक्य शून्याला लावून बघा, शून्यातून शून्य काढलं की शून्य, गणित एकदम बरोबर सुटतं. (मंत्र म्हणणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण असो.)

आता मूळ शब्दाकडे येऊ. शून्य हा शब्द मराठीत एकदा नाही आला, निदान तीनदा आलाय. एकदा संस्कृतमधून जसाच्या तसा, 'शून्य'. मग प्राकृतातल्या 'सुण्ण'मधून घासून गुळगुळीत होऊन 'सुन्न', डोकं सुन्न, पाय सुन्न, बातमी ऐकून सुन्न. आणि तिसऱ्यांदा 'सुना', घर सुनं पडलं, सुनं सुनं वाटतंय. मजा बघा, गणितातलं शून्य काही वाटत नाही, मनाला स्पर्शसुद्धा करत नाही, पण त्याचीच ही दोन धाकटी भावंडं आली की लगेच अंगावर येतात. 'मला शून्य वाटतंय' असं कोणी म्हणत नाही, 'मला सुन्न वाटतंय' म्हणतं. शिवाय शेपटासारखं लावायचं शून्य आहेच, विचारशून्य, भावनाशून्य, अक्कलशून्य. हा शेवटचा मला फार आवडतो, इतका सभ्य अपमान दुसऱ्या कुठल्या भाषेत इतक्या कमी अक्षरांत होत असेल असं वाटत नाही.

आणि शून्यच्या पोटात काय आहे? इथे जरा गंमत आहे. संस्कृतमध्ये 'श्वि' नावाचा एक धातू आहे, अर्थ फुगणे, सुजणे. त्याचं 'शून' म्हणजे सुजलेला, फुगलेला. आयुर्वेदात सुजेला 'शोथ' म्हणतात तो पण इथलाच. आणि या 'शून'वरून शून्य. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ 'आत काही नाही' तो शब्द मुळात फुगण्यावरून आलाय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं, पण विचार केला तर बरोबर आहे, फुगलेली गोष्ट बाहेरून मोठी आणि आतून पोकळच असते. भाषातज्ज्ञ याच जुन्या मुळाशी लॅटिनचा 'कावुस' म्हणजे पोकळ हा शब्द जोडतात, ज्याच्यातून इंग्रजीत केव्ह आणि कॅव्हिटी आले. म्हणजे डेंटिस्ट तुमच्या दाढेत कॅव्हिटी आहे म्हणतो तेव्हा तो शून्याच्या लांबच्या चुलतभावाबद्दल बोलत असतो. अमरकोशात शून्याच्या ओळीत 'तुच्छ' आणि 'रिक्तक' हे शब्द बसलेत. तुच्छ म्हणजे मुळात रिकामं, पोकळ. हलकं, कवडीमोल हा अर्थ त्यालाच चिकटलेला. रिकाम्या माणसाला लोक का मान देत नाहीत ते इथे कळतं.

'ख'चं पण सांगून टाकतो. ख म्हणजे भोक, पोकळी. विशेषतः चाकाच्या मधलं भोक, जिथे आस बसतो. 'सुख' म्हणजे ज्याचं भोक चांगलं बसलंय असं, न हादरता चालणारं, आणि ऋग्वेदात 'सुख' हे विशेषण रथाला लावलेलं आहेच. म्हणजे सुखातही एक शून्य आहे. नंतर बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एखाद्या संख्येला शून्याने भागलं की जे येतं त्याला 'खहर' नाव दिलं, ख ज्याचा हर म्हणजे छेद आहे ते. आणि त्याचं वर्णन करताना ते म्हणतात की यात काही घाला, काही काढा, फरक पडत नाही, जसं प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी एवढे जीव आत-बाहेर होऊन अच्युतात काही बदल होत नाही. गणिताच्या पुस्तकात मधेच देव आणून ठेवायचा आणि तोही उगाच नाही, मुद्दा समजावा म्हणून, हे मला आजच्या पाठ्यपुस्तकवाल्यांना दाखवावंसं वाटतं.

इथे तो प्रसिद्ध फॉरवर्ड आठवला असेलच. आर्यभटाने पाचव्या शतकात शून्याचा शोध लावला, मग त्याआधी रावणाची दहा डोकी कशी मोजली, कौरव शंभर कसे मोजले? विनोद म्हणून ठीक आहे, पण लोक हे सीरियसली विचारतात. उत्तर सोपं आहे हो. 'दश' या शब्दात शून्य कुठे आहे? 'शत' मध्ये कुठे आहे? मोजायला शून्य लागतच नाही, नुसते शब्द पुरतात, बोटं पुरतात. शून्य लागतं ते आकडे लिहायला, आणि तेही विशिष्ट प्रकारे लिहायला, जिथे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. रोमन लोकांनी दहाला एक वेगळं अक्षर दिलं, शंभरला वेगळं, त्यांचं साम्राज्य काही शून्यावाचून अडलं नाही. आणि आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलं ते 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्', म्हणजे एका जागेवरून पुढच्या जागेवर गेलं की दहापट. जागा आली की रिकामी जागा आलीच. त्याने शून्य 'शोधलं' असं म्हणणं म्हणजे घर बांधणाऱ्याने दाराच्या भोकाचा शोध लावला म्हणण्यासारखं आहे.

शून्याची खूण आधी गोल नव्हती, टिंब होतं. बखशाली नावाची एक हस्तलिखित पोथी आहे, भूर्जपत्रांवरची, पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडली, आता ऑक्सफर्डला आहे. तिच्या वयावरून अभ्यासकांच्यात बराच वाद आहे, त्यात मी पडत नाही. तिच्यात शून्यासाठी टिंब आहे, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे तेच टिंब अजून एका कामाला वापरलंय. जी संख्या माहीत नाही, जी शोधून काढायची आहे, आज आपण जिथे क्ष लिहितो, तिथेही टिंब, त्यालाही शून्यच म्हणायचं. म्हणजे 'रिकाम्या जागा भरा'! शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे, 'इथे अजून काही लिहिलेलं नाही'. हा फरक लहान वाटतो पण पुढची सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

कंबोडियात मेकाँगच्या काठी सांबोर इथे एक शिलालेख सापडला, त्यात शक ६०५ हे साल कोरलंय, म्हणजे इ.स. ६८३, आणि मधलं शून्य हे टिंब आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज देवळातल्या ८७६ सालच्या लेखात मात्र छोटा गोल आहे, बागेची लांबी २७० हात, आणि रोज ५० माळा. सुबंधूच्या 'वासवदत्ता' या जुन्या संस्कृत कथेत तर आकाशातल्या चांदण्यांना शून्यबिंदू म्हटलंय. विधाता जगाचा हिशोब करायला बसलाय, चंद्राचा खडू घेऊन काळ्या आकाशावर एकामागून एक टिंबं मांडतोय, कारण संसाराची किंमत शेवटी शून्यच. आता ही उपमा कवीला सुचते आणि वाचकाला कळते याचा अर्थ तोपर्यंत हिशोबातलं टिंब शिकलेल्या लोकांच्या अगदी ओळखीचं झालं होतं. मला वाटतं शिलालेखापेक्षा हा पुरावा जास्त बोलका आहे, दगडावर कारागीर काहीही कोरेल, पण उपमा ओळखीचीच द्यावी लागते.

६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याला बेरीज-वजाबाकीत बसवलं, धन आणि ऋण समान असले की शून्य, ऋणात शून्य मिळवलं की ऋणच, वगैरे. आता ती रिकामी जागा राहिली नाही, इतर संख्यांच्या पंगतीला बसणारी संख्या झाली. आणि इथून तिचा प्रवास सुरू. त्याच शतकात, ६६२ च्या सुमाराला, सेवेरस सेबोख्त नावाचा सीरियातला एक ख्रिस्ती बिशप लिहितो की ग्रीकांना फार गर्व झालाय, त्यांनी जरा भारतीयांची गणती बघावी, नऊ खुणांत सगळं मोजतात. नऊ! दहावी त्याने मोजलीच नाही. शून्याच्या वाट्याला हे पुढेही बरीच वर्षं आलं, पंगतीत असूनही पानं मोजताना त्याला धरायचं नाही.

मग अरबी. इथे जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीचं खरं वळण वाटतं. अरबांनी शून्य हा शब्द घेतला नाही, अर्थ घेतला. त्यांच्याकडे रिकामं या अर्थाचा 'सिफ्र' होता, त्यांनी तो लावला. भाषांतर केलं. आजही अरबीत शून्य म्हणजे सिफ्र आणि तो टिंबासारखाच लिहितात. (आणि अरबीतला पाच गोल असतो, त्यामुळे आपल्याला त्यांचं पाच शून्य वाटतं, फोन नंबर वाचताना फार घोळ होतो.) अरबीतून हा शब्द फारसीत गेला, तुर्कीत 'सिफर'सारखा काहीतरी झाला, उर्दूत 'सिफर', स्वाहिलीत 'सिफुरी', मलायमध्ये 'सिफार'. तुर्कीत तर कोरी करकरीत गाडी असेल तर तिलाही शून्यच म्हणतात, शून्य किलोमीटर चाललेली म्हणून.

पण युरोपने अर्थ नाही घेतला, नुसता आवाज घेतला. पिसाचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, त्याचा बाप उत्तर आफ्रिकेत बूजियाला जकातीच्या कामावर होता, तिथे या पोराने हे आकडे शिकले आणि १२०२ मध्ये पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच म्हणतो, भारतीयांच्या नऊ खुणा आहेत, आणि या नवांबरोबर ० ही खूण, जिला अरबीत 'झेफिरुम' म्हणतात. लॅटिन कानाला झेफिरुम म्हणजे काय? काहीच नाही. फार तर पश्चिमेच्या वाऱ्याचं नाव झेफिरुस, त्याच्याशी उगाच सारखं वाटणारं. म्हणजे 'रिकामं' असा अर्थ असलेला शब्द स्वतःच अर्थाने रिकामा होऊन युरोपात पोचला. आणि रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो.

कसा भरला बघा. हा सिफ्र युरोपात दोन दारांनी शिरला. एक झेफिरुम, जो इटलीत झेफिरो, झेव्हेरो असा झिजत झिजत 'झेरो' झाला, तोच पुढे फ्रेंच, इंग्रजी, आणि फिरून आपल्याकडे झिरो. दुसरा 'सिफ्रा'. हा सिफ्रा आधी शून्यच होता. पण लोकांना त्या नव्या दहाही खुणा सारख्याच अनोळखी, त्यातली सगळ्यात विचित्र म्हणजे हे गोल काहीतरी, मग हळूहळू सगळ्याच आकड्यांना सिफ्रा म्हणायला लागले. फ्रेंचमध्ये 'शिफ्र' म्हणजे अंक, जर्मनमध्ये 'त्सिफर' म्हणजे अंक, स्पॅनिशमध्ये 'सिफ्रा' म्हणजे अंक. एक ते नऊसुद्धा! शून्याचं नाव बाकी नऊ जणांनी पळवलं. मग शून्याला नाव उरलं नाही, म्हणून ते दुसरीकडून आणावं लागलं, कोणी इटलीतून झेरो घेतला, जर्मनांनी लॅटिनचा 'नुल्लुस' म्हणजे कोणीच नाही, काहीच नाही, त्याचा 'नुल' केला. स्पॅनिशमध्ये आता सिफ्रा आणि 'सेरो' दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहतात, एकाच आईची दोन पोरं, एकमेकांना ओळख न देणारी.

लोकांना या नव्या आकड्यांचा विश्वासही नव्हता. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघटनेने हिशोबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला बंदी घातली, रकमा अक्षरांत लिहा म्हणाले. शून्याला शेपूट फुटलं की सहा होतो, नऊ होतो, रोमन आकड्यात असली चलाखी जरा अवघड. आजही चेकवर आपण रक्कम आकड्यात लिहून परत अक्षरी लिहितो, तो अविश्वास अजून गेलेला नाही.

आणि मग तिसरा अर्थ. गुप्त पत्रव्यवहारात अक्षरांच्या जागी आकडे लिहायची पद्धत पडली, आणि आकड्यांना तर सिफ्रा म्हणतच होते, म्हणून सांकेतिक लिपी म्हणजे पण सिफ्रा. इंग्रजीत सायफर. ते उलगडायचं म्हणजे डिसायफर. इंग्रजीत या सायफरने इतके वेष घेतलेत की मोजताना दमछाक होते: शून्य, कुठलाही अंक, हिशोब करणे, ज्याला कोणी विचारत नाही असा माणूस, गुप्त लिपी, आणि वर राजाची मोहोर! राजाच्या नावाच्या आद्याक्षरांची गुंफलेली खूण, ती रॉयल सायफर. म्हणजे यःकश्चित माणूस पण सायफर आणि राजा पण सायफर. आपल्या पूज्यची आठवण होते की नाही? तिकडे कोणी ठरवून केलेलं नाही, आपल्याकडेही नाही, पण ज्या शब्दात काही नाही त्यात दोन्ही टोकं मावतात.

पोर्तुगीजमध्ये याहून मजा. सिफ्रावरून 'सिफ्रांव' शब्द केला, म्हणजे मोठा सिफ्रा, आणि तो कशाला म्हणतात, तर पैशाच्या त्या उभ्या रेघ मारलेल्या एसच्या खुणेला, जिला आपण डॉलरची खूण म्हणतो. काहीच नाहीपासून निघून पैशापर्यंत.

पण या सगळ्यात माझा आवडता रशियन. रशियनमध्ये 'त्सीफ्रा' म्हणजे अंक, 'शिफ्र' म्हणजे गुप्त लिपी (हा फ्रेंचमधून परत फिरून आलेला), आणि शून्याला मात्र 'नोल', लॅटिनवाला. एकाच शब्दाची दोन पोरं घरात आणि शून्य बाहेरून आणलेलं. आता इंग्रजीत डिजिटल म्हणतो आपण, तो शब्द लॅटिनमधल्या बोटावरून आलाय, बोटांवर मोजायचं म्हणून डिजिट. रशियनांनी डिजिटलसाठी त्सीफ्रावरून विशेषण केलं, 'त्सिफ्रवोय'. डिजिटल कॅमेरा, डिजिटल टीव्ही, डिजिटल अर्थव्यवस्था, सगळं त्सिफ्रवोय. आता मागे मागे जा: त्सीफ्रा, सिफ्र, शून्य. म्हणजे रशियन माणूस डिजिटल म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडात खोलवर 'शून्याचं' असा शब्द असतो, आणि बिचारी ती यंत्रं खरंच शून्य आणि एकवरच चालतात. इंग्रजीपेक्षा रशियन शब्द बरोबर निघाला, तोही योगायोगाने.

उर्दूत तर दोन्ही भावंडं एकाच पेपरात भेटतात. सिफर म्हणजे शून्य, तो अरबी-फारसीच्या रस्त्याने आलेला, आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्त तारेला सायफर, तो इंग्रजीच्या रस्त्याने. मधे काही वर्षांपूर्वी पाकिस्तानच्या राजकारणात 'सायफर'वरून केवढा गदारोळ झाला, रोज बातम्यांत सायफर, सायफर. त्यातल्या किती जणांना वाटलं असेल की हा आपलाच सिफर आहे, युरोपची वारी करून नवा कोट घालून आलेला?

पूर्वेला शून्य वेगळ्या पद्धतीने गेलं. तिथे नुसता आवाजही गेला आणि धर्माबरोबर अर्थही गेला. ब्रह्मदेशात पालीचा 'सुञ्ञ' घेऊन 'थोन्न्या' झाला. थायमध्ये 'सून'. आणि थायमध्ये हाच सून शब्द केंद्र या अर्थानेही वापरतात, शॉपिंग सेंटर, आरोग्य केंद्र, माहिती केंद्र, सगळीकडे पाटीवर शून्य. वर्तुळ काढायचं तर मध्यबिंदू लागतो आणि मध्यबिंदूला लांबी-रुंदी काही नाही, असं काहीतरी मनाशी जुळवता येतं. आणि त्यातच अजून एक सून आहे, उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, अर्थ नाहीसं होणं, गमावणं. म्हणजे थायमध्येही शून्य दोनदा पोचलं, आपल्याकडच्या सुन्न आणि सुनासारखं. जवळच कन्नडमध्ये 'सोन्ने', तेलुगूमध्ये 'सुन्ना'. तेलुगूत अनुस्वारालाही सुन्नाच म्हणतात, कारण तिथे तो गोल काढतात, आणि जुन्या तेलुगूत एक अर्धानुस्वार होता त्याला 'अरसुन्ना', म्हणजे अर्धं शून्य! गणितवाल्यांना विचारा शून्याचे अर्धे किती ते, आणि मग तेलुगूच्या मास्तरांना विचारा.

चीनची गोष्ट या सगळ्यांत निराळी. तिथे शून्यासाठी जो शब्द आहे, 'लिंग' (उच्चार तसाच आहे, हसू नका), त्याच्या चिन्हात वर पाऊस आहे. मुळात अर्थ रिमझिम, ओघळणारे थेंब. त्यावरून उरलंसुरलं, वरचं, किरकोळ. एकशे पाच म्हणायचं तर चिनी भाषेत 'एक शे लिंग पाच', म्हणजे शंभर आणि वर थोडे पाच. ही रिकामी जागा नाहीच, हा उरलेला थेंब आहे. आपलं शून्य फुगून पोकळ झालेलं, लॅटिनचं 'कोणीच नाही' असं म्हणणारं, आणि यांचं पाऊस पडून गेल्यावर राहिलेलं. त्यामुळे जपानीत एक मजेदार फरक उरलाय. तिथे हे चिन्ह 'रेइ' वाचतात आणि शिवाय युरोपातून आलेला 'झेरो' पण आहे. हवामानाच्या बातमीत पावसाची शक्यता ० टक्के असेल तर 'रेइ' म्हणायचं, 'झेरो' नाही म्हणायचं. कारण ते ० म्हणजे पाच टक्क्यांपेक्षा कमी, आकडा गोळाबेरीज करून आलेला, थोडी शक्यता आहे बरं का, आणि रेइमध्ये ते 'थोडंसं' अजून शिल्लक आहे. झेरो म्हटलं तर एकदम काहीच नाही. पावसाच्या बातमीला पावसाचं चिन्ह असलेला शब्द, हे माझ्या मते जगातलं सगळ्यात नेमकं शून्य आहे.

आणि आपला शून्य हा शब्द चीनमध्ये गेलाच नाही का? गेला, पण गणितातून नाही, बौद्ध ग्रंथांतून. भाषांतर करणाऱ्यांपुढे शून्य, शून्यता हे शब्द आले तेव्हा त्यांनी त्यासाठी रिकामं या अर्थाचं एक चिन्ह निवडलं, 'कोंग'. हेच चिन्ह आकाशालाही वापरतात. गगन, अंबर, व्योम, म्हणजे शून्य, ही आपली जुनी यादी तिकडे न जाताच तिकडे तयार. हे चिन्ह पुढे जपानला गेलं, तिथे त्याचा एक वाचन 'कारा'. कराटेमधला 'करा' आधी चीन देशाच्या नावाचा होता, १९३०च्या दशकात तो बदलून हे रिकामं वालं चिन्ह आणलं, रिकामा हात. आणि कराओकेमधला 'कारा' पण हाच, रिकामा ऑर्केस्ट्रा, गाणारा जागेवर नाही, तुम्ही म्हणा. बखशालीतल्या टिंबासारखंच, रिकाम्या जागा भरा.

हेच चिन्ह कोरियात 'गोंग' वाचतात, आणि तिथे फोन नंबर सांगताना शून्याला गोंग म्हणतात. त्यांचे मोबाइल नंबर ०१० ने सुरू होतात, म्हणजे प्रत्येक जण नंबर देताना सुरुवात करतो, 'गोंग-इल-गोंग', ज्या चिन्हाने बौद्ध भिक्षूंनी शून्यतेचं भाषांतर केलं त्यानेच. मॅचचा स्कोअर किंवा थंडीचं तापमान सांगायचं असेल तर मात्र 'यंग' म्हणतात, ते पावसाच्या थेंबवालं.